लेसिक मागणारा डोळा आणि कॉर्नियाची मागची बाजू: त्रिमितीय तपासणीचे एक प्रकरण

वय २३, स्त्री. बाराव्या वर्षापासून मायनस नंबरचा चष्मा, गेली पाच वर्षे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, त्याही रोज दहा-बारा तास. लेसिक, म्हणजे लेसरने कॉर्नियाचा (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याचा) आकार बदलण्याची शस्त्रक्रिया, करून नंबर घालवायचा आहे. उजव्या डोळ्याचा नंबर -४.००, सिलिंडर -०.५०, ॲक्सिस १७५, दृष्टी ६/६. डाव्याचा -४.५०, सिलिंडर -१.७५, ॲक्सिस ६५. दृष्टी ६/६, पण शेवटच्या ओळीतली दोन अक्षरे अडखळत वाचली. मागच्या वर्षीच्या चष्म्यात याच डोळ्याचा सिलिंडर -१.०० होता. ऋतू बदलला की डोळे खाजतात आणि ती ते चोळते, हे मुद्दाम विचारल्यावर कळले.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. इथले आकडे कुणा एका व्यक्तीच्या फाइलमधले नाहीत. सुरुवातीच्या केराटोकोनसमध्ये (कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे फुगण्याच्या आजारात) आणि लेन्समुळे आकार बदललेल्या कॉर्नियात जसे आकडे येतात तसे ते बेतले आहेत. निकषांच्या मर्यादा मात्र वापरात असलेल्या, प्रत्यक्षातल्याच आहेत.

स्लिट लॅम्पखाली दोन्ही कॉर्निया स्वच्छ. लोहाचे वलय नाही, खोल उभ्या रेषा नाहीत, म्हणजे केराटोकोनसच्या ठळक खुणा नाहीत. वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला ॲलर्जीचे बारीक उंचवटे. रेटिनोस्कोपीत, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून परतणारे प्रतिबिंब बघण्याच्या तपासणीत, मात्र डाव्या डोळ्याचे प्रतिबिंब कात्रीसारखे किंचित उघडमीट करत होते. ही खूण बारीक असते आणि घाईत नजरेतून सुटते. ऑटोरिफ्रॅक्टरमुळे रेटिनोस्कोप कपाटात गेला त्या दवाखान्यांत ती कुणाला दिसणारच नाही.

नुसती जाडी मोजली असती तर

लेसिकचा जुना हिशेब आधी मांडू, म्हणजे पुढच्या तपासण्या कशासाठी ते कळेल. डाव्या डोळ्याच्या कॉर्नियाची मध्यभागी जाडी ५०८ मायक्रॉन. सर्वाधिक सुधारणा ६.२५ डायॉप्टरची. प्रकाशीय क्षेत्र ६.५ मिमी धरले तर मनर्लिनच्या सूत्राने, म्हणजे डायॉप्टर गुणिले व्यासाचा वर्ग भागिले ३, लेसर सुमारे ८८ मायक्रॉन ऊती काढेल. फ्लॅप, म्हणजे लेसरआधी कापून वर उचलायची कॉर्नियाची पातळ चकती, ११० मायक्रॉनचा. दोन्ही मिळून १९८. खाली उरतात ३१० मायक्रॉन, आणि किमान मर्यादा मानली जाते २५० ची. एकूण जाडीपैकी बदललेला भाग ३९ टक्के, आणि धोक्याची रेषा ४० ची. म्हणजे कागदावर हा डोळा पास होतो.

लेसिकनंतर कॉर्निया हळूहळू पुढे फुगत जाण्याचा प्रकार, म्हणजे एक्टेशिया, १९९८ मध्ये थिओ सायलर यांनी नोंदवला. पुरेशी जाडी ठेवूनही तो होऊ शकतो, कारण काही कॉर्निया मुळातच कमकुवत असतात. अशा कॉर्नियाचा आकार शस्त्रक्रियेआधीच बिघडू लागलेला असतो, मात्र सुरुवातीला तो बिघाड समोरून दिसत नाही.

पहिल्या दिवसाचा स्कॅन

लेन्स आदल्या रात्री काढलेली. इतक्या कमी अवधीत घेतलेल्या स्कॅनवर निर्णय घेता येत नाही. मऊ लेन्स किमान दोन आठवडे, टॉरिक (सिलिंडर नंबरची) किंवा आरजीपी (कडक) लेन्स किमान तीन आठवडे बंद ठेवायची, असा अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला आहे. तरीही पहिल्या दिवशी स्कॅन घ्यावा, असे आमचे ठाम मत आहे. लेन्सने कॉर्नियाला दिलेला आकार नंतर किती उतरला, हे तुलनेला आधीचे चित्र असल्याशिवाय सांगता येत नाही. फक्त त्या स्कॅनवर ‘लेन्स बंद नाही, निर्णयासाठी नव्हे’ असा शेरा यंत्रातच टाकावा. कागदावरचा शेरा हरवतो, यंत्रातला स्कॅनसोबत राहतो.

दोन यंत्रे वापरली. पहिले फिरत्या शाइम्पफ्लुग कॅमेऱ्याचे, पेंटाकॅम जातीचे. ४७५ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाची पातळ चीर डोळ्यावर पडते आणि कॅमेरा डोळ्याच्या अक्षाभोवती फिरत वेगवेगळ्या कोनांतून तिचे फोटो घेतो. २५ फोटो साधारण एका सेकंदात, ५० फोटो दोन सेकंदांत. कॅमेरा चिरेकडे तिरका बघत असूनही कॉर्नियापासून डोळ्यातल्या भिंगापर्यंत सगळे स्पष्ट येते, कारण चिरेचे प्रतल, कॅमेऱ्याच्या भिंगाचे प्रतल आणि संवेदकाचे प्रतल एकाच रेषेत मिळतील अशी रचना असते. थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने हवाई छायाचित्रांमधला तिरकेपणा काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेले हे तत्त्व आहे.

दुसरे यंत्र ओसीटी. ते इन्फ्रारेड प्रकाश पाठवते आणि कोणत्या खोलीवरून किती प्रकाश परतला ते व्यतिकरणाने मोजते. १९९१ मध्ये ओसीटी दृष्टिपटलासाठी पुढे आले आणि १९९४ मध्ये डोळ्याच्या पुढच्या भागावर वापरले गेले. ८४० नॅनोमीटरच्या आसपासच्या यंत्रांत खोलीतला बारकावा साधारण ५ मायक्रॉनचा मिळतो, त्यामुळे कॉर्नियाचा वरचा पेशींचा थर, एपिथेलियम, वेगळा मोजता येतो. १३१० नॅनोमीटरची यंत्रे जास्त खोल आणि रुंद बघतात, धूसर कॉर्नियातूनही पार जातात. डोळ्याच्या कोनासाठी ती बरी. शाइम्पफ्लुगला एपिथेलियम आणि खालचा स्ट्रोमा, म्हणजे कॉर्नियाचा मुख्य जाड थर, हे वेगळे काढता येत नाहीत. या प्रकरणात हाच फरक निर्णायक ठरला.

दोन्ही तपासण्यांत डोळ्याला काहीही टेकत नाही. म्हणूनच त्या सगळ्यांत आधी करायच्या: डोळ्याचा दाब मोजण्याआधी, फ्लुओरेसिन या रंगाच्या पट्टीआधी, बधिर करणाऱ्या किंवा बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांआधी. बधिर करणारा थेंब अश्रूंचा थर आणि एपिथेलियम दोन्ही बिघडवतो. बाहुली मोठी झाली की पुढच्या कप्प्याची खोली बदलते. रुग्ण आल्या आल्या दाब मोजण्याची सवय असते, आणि मग अर्ध्या तासाने काढलेल्या नकाशावर कॉर्नियाच्या मध्यात ठिपकेदार खड्डे दिसतात.

डाव्या डोळ्याचा पहिला स्कॅन टाकून द्यावा लागला. यंत्राने गुणवत्तेची खूण पिवळी दाखवली होती. अशी खूण आली की ‘चालेल’ म्हणून पुढे जाऊ नये. ती का आली ते उघडून बघावे. इथे दोन कारणे निघाली. वरची पापणी खाली येऊन वरच्या भागातला डेटा कमी पडला होता, आणि स्कॅन चालू असताना डोळा हलला होता. पापणीने झाकलेला भाग सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. तो भरलेला भाग नकाशावर बाकीच्यासारखाच गुळगुळीत दिसतो, त्यामुळे नुसत्या रंगांवरून शंका येत नाही. मोजलेले बिंदू दाखवण्याची सोय चालू केली की भगदाड लगेच उघडे पडते.

पुन्हा घेताना खोली पूर्ण काळोखी केली. हनुवटी खोबणीत नीट टेकवली, कपाळ पट्टीला चिकटवले, खुर्चीची उंची अशी ठेवली की मान ताणावी लागणार नाही. मान ताणलेला रुग्ण दुसऱ्या सेकंदाला हलतोच. दोनदा सावकाश पापणी मिटायला सांगितले, मग डोळे मोठे उघडून मधल्या खुणेकडे पाहायला, आणि लगेच स्कॅन. उघडल्यावर सहा-सात सेकंद थांबलात तर अश्रूंचा थर तुटू लागतो. पापणी धरायचीच वेळ आली तर बोट वरच्या हाडाच्या कडेवर टेकवून पापणी वर सरकवायची. बुबुळावर जराही दाब आला तर वक्रता खोटी येते. प्रत्येक डोळ्याचे तीन स्कॅन, आणि प्रत्येक वेळी हनुवटी उचलून पुन्हा टेकवायची. त्याच बैठकीत ओळीने तीनदा बटण दाबले तर एकच चूक तीनदा नोंदली जाते, आणि आकडे जुळले म्हणून उगाच खात्री वाटते.

अश्रूंच्या थराबद्दल इतके बोलण्याचे कारण वेगळे आहे. मागचा पृष्ठभाग यंत्राला थेट दिसत नाही. तो पुढच्या पृष्ठभागातून, वाकलेल्या किरणांनी दिसतो. सॉफ्टवेअर कॉर्नियाचा अपवर्तनांक धरून ते वाकणे उलटे मोजते आणि मागचा पृष्ठभाग मूळ जागी बसवते. पुढचा पृष्ठभाग चुकला की ती चूक मागे झिरपते. कोरड्या डोळ्यात मागच्या बाजूला उंचवटा दिसला तर आधी पुढच्या बाजूचा डेटा तपासावा, मग निदानाकडे वळावे.

त्या दिवशीचे मान्य स्कॅन असे. उजवा: वक्रता ४३.६ आणि ४४.४ डायॉप्टर, केमॅक्स म्हणजे समोरच्या पृष्ठभागावरची सर्वांत तीव्र वक्रता ४५.३, खालचा भाग वरच्यापेक्षा १.५ डायॉप्टरने तीव्र, सर्वांत पातळ जागी जाडी ५३१ मायक्रॉन. डावा: ४३.९ आणि ४५.८, केमॅक्स ४७.०, खालचा-वरचा फरक २.१, सर्वांत पातळ जाडी ५०३, आणि ती जागा मध्यापासून ०.९ मिमी खाली आणि कानाच्या बाजूला.

खालच्या-वरच्या भागातल्या फरकासाठी १.४ डायॉप्टर ही जुनी, राबिनोविट्झ यांची मर्यादा. म्हणजे दोन्ही डोळे संशयित. वक्रतेच्या नकाशावर दोन्हीकडे खालचा अर्धा भाग फुगलेला डमरू. प्लॅसिडो वलयांचे यंत्र फक्त पुढचा पृष्ठभाग बघते. तेवढेच हाताशी असते तर इथून पुढे दोनच वाटा उरल्या असत्या: दोन्ही डोळे आजारी ठरवणे, किंवा सगळे खापर लेन्सवर फोडणे. आणि दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरले असते.

वक्रतेच्या नकाशाची आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. अक्षीय वक्रता ज्या अक्षाभोवती मोजली जाते तो अक्ष कॉर्नियाच्या शिखरातून जाईलच असे नाही. शिखर थोडे खाली सरकलेले असेल तर अगदी निरोगी कॉर्नियाही खाली फुगलेला दिसतो. उंचीच्या नकाशाला हा दोष फारच कमी बाधतो, कारण त्यात पृष्ठभागाचा आकारच मोजलेला असतो.

पहिल्याच दिवशी ओसीटीने दिलेला इशारा

त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांच्या एपिथेलियमचा नकाशा काढला. निरोगी डोळ्यात मध्यभागी हा थर ५० ते ५५ मायक्रॉनचा असतो, आणि वरच्या भागापेक्षा खाली किंचित जाड, कारण वरची पापणी दिवसभर वरचा भाग घासत असते. उजव्या डोळ्यात मध्यभागी ५३, आणि वक्रता जिथे वाढलेली होती त्याच खालच्या भागात ५८. डाव्या डोळ्यात याच्या उलट: खाली कानाच्या बाजूला, जिथे वक्रता सर्वांत तीव्र, तिथे थर ४६ पर्यंत उतरलेला आणि त्याभोवती ५७ मायक्रॉनचे जाड कडे.

हा फरक यांत्रिक आहे. लेन्सने आकार बदललेल्या कॉर्नियात बदल मुख्यतः एपिथेलियमचाच असतो. जिथे तो थर जाड झाला तिथेच पृष्ठभाग फुगलेला दिसतो. केराटोकोनसमध्ये उंचवटा खालच्या स्ट्रोमाचा असतो. त्या उंचवट्यावर पापणी घासत राहते, एपिथेलियम तिथे पातळ होतो आणि कडेने भरून येतो. शरीर जणू वरून सपाट करायला बघते. परिणामी पुढचा पृष्ठभाग खऱ्यापेक्षा कमी बिघडलेला दिसतो, आणि समोरून मोजणारे यंत्र आजाराची सुरुवात चुकवते. तीव्र वक्रता आणि जाड एपिथेलियम एकाच जागी पडले तर बहुधा लेन्स. तीव्र वक्रता आणि पातळ एपिथेलियम एकाच जागी पडले तर बहुधा केराटोकोनस. दोन नकाशे एकावर एक ठेवून बघितल्याशिवाय हे कळत नाही. शेजारी शेजारी ठेवून अंदाज करू नये. अर्धा मिलिमीटर सरकला तरी वाचन उलटते.

एपिथेलियमच्या नकाशालाही त्याच्या अडचणी आहेत. काही यंत्रे अश्रूंचा थर एपिथेलियममध्येच मोजतात, त्यामुळे थेंब टाकल्या टाकल्या काढलेला नकाशा काही मायक्रॉन जाड येतो. कडेला, ६ मिमीच्या बाहेर, थरांची सीमा आखण्यात सॉफ्टवेअर चुकते. आखलेली रेषा छेदाच्या चित्रावर उघडून बघावी. आणि कोरड्या डोळ्यात ठिपक्याठिपक्यांनी पातळ झालेला थर केराटोकोनससारखा भासू शकतो, फक्त त्याभोवती जाड कडे नसते.

तीन आठवड्यांनंतर

लेन्स पूर्ण बंद, ॲलर्जीवर थेंब, डोळे चोळणे बंद. तीन आठवड्यांनी त्याच यंत्रांवर, त्याच वेळी, तेच स्कॅन. वेळ सारखी ठेवायची, कारण झोपेतून उठल्यावर कॉर्निया थोडा सुजलेला असतो आणि जाडी दिवसभरात उतरते.

उजव्या डोळ्याचा केमॅक्स ४४.५ वर आला, खालचा-वरचा फरक ०.५ वर. सर्वांत पातळ जाडी ५३४. एपिथेलियम खाली ५४, वर ५०. फुगवटा गेला, म्हणजे तो लेन्सचाच होता. इथे एक पथ्य: एकदा आकडे उतरले म्हणजे ते स्थिरावले असे नव्हे. आठवड्याच्या अंतराने पुढचा स्कॅन घेतला आणि दोन्ही सारखे आले, तेव्हाच लेन्सचा परिणाम संपल्याची नोंद केली. आरजीपी लेन्स वर्षानुवर्षे वापरलेल्या डोळ्यात ही वाट कित्येक आठवडे लांबते.

डावा डोळा जवळजवळ जिथल्या तिथे होता. केमॅक्स ४६.९, फरक २.०, सर्वांत पातळ जाडी ५०१, एपिथेलियमचा खड्डा आणि कडे तसेच.

आता मागचा पृष्ठभाग. उंचीचा नकाशा कशाच्या तुलनेत काढला हे न पाहता त्यावरचा आकडा वाचू नये. यंत्र कॉर्नियाला सर्वांत जवळचा बसणारा गोल काढते आणि पृष्ठभाग त्या गोलाच्या किती वर-खाली आहे ते दाखवते. गोल ८ मिमीच्या क्षेत्रावर बसवला की ९ मिमीच्या, त्यावर आकडा बदलतो. क्षेत्र आपोआप निवडण्याची सोय चालू असेल तर पापणी किती उघडली होती त्यावर गोल ठरतो आणि दोन भेटींतले आकडे तुलनेला निरुपयोगी होतात. क्षेत्र ८ मिमीला कायम बांधून ठेवावे.

नेहमीच्या गोलाचा दुसरा दोष असा की उंचवटा स्वतःच गोलाला आपल्याकडे ओढतो आणि त्याच्या मागे लपतो. बेलिन-अँब्रोसिओ पद्धतीत सर्वांत पातळ जागेभोवतीचा साधारण ३.५ मिमीचा भाग वगळून, उरलेल्या निरोगी कॉर्नियावरून दुसरा गोल काढतात. दोन्ही गोलांवरच्या उंचीत किती फरक पडला ते बघायचे. पुढच्या बाजूला ५ मायक्रॉनपर्यंत ठीक, ७ च्या वर असामान्य; मागच्या बाजूला १२ पर्यंत ठीक, १६ च्या वर असामान्य; मधले संशयित. यंत्र ठीक आकड्याला हिरवा, संशयिताला पिवळा आणि असामान्याला लाल रंग देते.

डाव्या डोळ्यात पुढचा फरक ४ आला. हिरवा. मागचा १५, पिवळा. मध्यापासून कडेकडे जाडी किती वेगाने वाढते ते दाखवणारा कमाल निर्देशांक १.५१, सर्वांत पातळ जाडीला त्याने भागले की ३३२ येतात, आणि या भागाकाराची नेहमी वापरली जाणारी मर्यादा ३३९ आहे. सगळे घटक मिळून येणारा डी हा एकत्रित आकडा २.३. तो १.६ च्या वर पिवळा आणि २.६ च्या वर लाल होतो.

म्हणजे एकही खूण लाल नाही. नेमक्या अशाच डोळ्यात रंगांवर विसंबून राहणे धोक्याचे असते. रंग सांगतात की हा डोळा निरोगी सरासरीपासून किती दूर आहे. तो आजारी आहे का, हे ते सांगत नाहीत. निर्णय पुराव्यांच्या जागेवरून झाला. मागचा उंचवटा, सर्वांत पातळ जागा, एपिथेलियमचा खड्डा आणि समोरची सर्वांत तीव्र वक्रता हे चारही अर्ध्या मिलिमीटरच्या आत एकाच ठिकाणी पडत होते. योगायोगाने आलेली चूक चार वेगळ्या मापांत एकाच बिंदूवर येत नाही. पुढचा हिरवा ४ हा आकडाही आता समजतो: एपिथेलियमने वरून झाकला म्हणून तो हिरवा.

निदान: डाव्या डोळ्यात सुरुवातीचा केराटोकोनस. उजव्या डोळ्यात मागचा फरक ६, भागाकार ४५३, डी १.१, सगळे सामान्य.

उजव्या डोळ्याचे लेसिक का नाही

रुग्णाचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो रास्त आहे. हिशेबाने उजवा डोळा सहज बसतो: ४.५ डायॉप्टरसाठी ६३ मायक्रॉन, फ्लॅप ११०, मध्यभागी जाडी ५४०. खाली ३६७ उरतात, बदललेला भाग ३२ टक्के.

तरीही नाही. केराटोकोनस खऱ्या अर्थाने एकाच डोळ्याचा नसतो, अशी भूमिका २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक सहमतीत तज्ज्ञांनी घेतली. एका डोळ्यात तो आधी दिसतो, दुसऱ्यात मागाहून, किंवा दिसण्याइतका कधीच वाढत नाही. पण ऊतीचा कमकुवतपणा दोन्हीकडे असतो. त्रिमितीय स्कॅन आकार दाखवतो, ताकद दाखवत नाही. उजव्या डोळ्याचा स्कॅन सामान्य असण्याचा अर्थ इतकाच की आकार अजून बिघडलेला नाही. त्यावर लेसर चालवणे म्हणजे त्या ऊतीची परीक्षा घेणे. पूर्ण सामान्य नकाशा हातात असताना नकार देणे डॉक्टरला आणि रुग्णाला दोघांनाही जड जाते. पण इथे कीव करून चालत नाही.

डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा पर्याय तिने विचारला. त्यासाठी आधी आजार स्थिर ठरावा लागतो. पुढच्या कप्प्याची खोली त्याच स्कॅनमध्ये मिळते: ३.२ मिमी, कॉर्नियाच्या आतल्या पृष्ठभागापासून मोजलेली. काही यंत्रे ती बाहेरच्या पृष्ठभागापासून मोजून देतात. मग तीच खोली अर्ध्या मिलिमीटरने जास्त दिसते आणि उथळ डोळा लेन्ससाठी योग्य ठरतो. अहवालात कुठून मोजले आहे ते बघूनच आकडा उचलावा. तूर्त दोन्ही डोळ्यांना चष्मा, आणि चोळणे पूर्ण बंद.

वाढते आहे की नाही

वाढ मोजायला बेलिन यांची एबीसीडी पद्धत घेतली. ए म्हणजे सर्वांत पातळ जागेभोवतीच्या ३ मिमीमध्ये पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या, बी म्हणजे तिथेच मागची त्रिज्या, सी सर्वांत कमी जाडी, डी चष्म्यासह दृष्टी. हा डी आणि वरचा एकत्रित डी वेगळे. नवखे इथे हमखास गोंधळतात. सुरुवातीची नोंद: ए ७.३५ मिमी, बी ५.८६ मिमी, सी ५०१, दृष्टी ६/६. टप्प्यांत मांडले तर ए शून्य, बी एक, सी शून्य, डी शून्य. चारांपैकी फक्त मागची बाजू शून्याच्या पुढे सरकलेली.

तरुण वयात हा आजार वेगाने बदलू शकतो, म्हणून भेटी चार-चार महिन्यांच्या. पहिल्या भेटीत बदल यंत्राच्या स्वतःच्या चुकीच्या आतला. आठव्या महिन्यात आकडे असे: केमॅक्स ४७.५, ए ७.२७, बी ५.६९, सी ४८७, दृष्टी ६/६.

केमॅक्स ०.६ ने वाढला. वर्षात १ डायॉप्टर वाढला तर आजार वाढता धरायचा, या जुन्या नियमाने हा डोळा स्थिर ठरला असता. केमॅक्स हा एका बिंदूचा आकडा आहे; तो अश्रूंनी हलतो, एपिथेलियमने झाकला जातो आणि मागच्या पृष्ठभागाबद्दल काहीच सांगत नाही. बी मात्र ०.१७ मिमीने घटला आणि दुसऱ्या टप्प्यात गेला, सी १४ मायक्रॉनने घटून पहिल्या टप्प्यात. त्याच भेटीतल्या तीन स्कॅनमधला आपसातला फरक बीमध्ये ०.०३ मिमी आणि सीमध्ये ४ मायक्रॉन होता, म्हणजे बदल गोंगाटाच्या बराच बाहेर. एकाच भेटीत अनेक स्कॅन घेण्याचा खरा उपयोग इथे होतो. एकच स्कॅन असता तर या १४ मायक्रॉनवर कुणी विश्वास ठेवला नसता आणि ठेवूही नये.

ओसीटीने आणखी एक गोष्ट वेगळी केली. खड्ड्यातला एपिथेलियम ४६ वरून ४३ वर आला होता. म्हणजे घटलेल्या १४ पैकी ३ मायक्रॉन वरच्या थराचे आणि ११ स्ट्रोमाचे. झीज खरीच होती.

दृष्टी अजून ६/६ असतानाच क्रॉस-लिंकिंग, म्हणजे औषध आणि अतिनील प्रकाशाने कॉर्नियाची ऊती कडक करण्याचा उपचार, ठरले. उपचार असलेला आकार टिकवतो, गेलेला परत देत नाही, त्यामुळे दृष्टी घसरण्याची वाट बघण्यात काही अर्थ नाही. नेहमीची ड्रेस्डेन पद्धत: एपिथेलियम काढून ०.१ टक्का रायबोफ्लेविन, मग ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॉट, ३० मिनिटे, एकूण मात्रा ५.४ ज्यूल. आतल्या पेशी वाचवण्यासाठी एपिथेलियम काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन जाडी लागते. ४८७ मधून ४३ वजा जाता ४४४, जागा आहे. एपिथेलियमचा आकडा सरसकट ५० धरला असता तर ४३७ आले असते. इथे फरक पडला नाही, पण ४४५ च्या कॉर्नियात त्याच सात मायक्रॉनवर उपचाराची पद्धत बदलते. शिवाय डेक्स्ट्रान असलेले रायबोफ्लेविन कॉर्नियातले पाणी ओढून घेते, म्हणून प्रकाश सुरू करण्याआधी जाडी पुन्हा मोजली.

उपचारानंतरचे स्कॅन कसे वाचायचे

पहिल्या महिन्यात शाइम्पफ्लुगवर सर्वांत पातळ जाडी ४४९ आली, ओसीटीवर ४७६. क्रॉस-लिंकिंगनंतर स्ट्रोमा काही महिने धूसर राहतो. निळा प्रकाश त्या धूसरपणात विखुरतो, मागची कडा ओळखण्यात चूक होते आणि कॉर्निया आहे त्याहून पातळ दिसतो. या काळात जाडीसाठी ओसीटी धरावे आणि दोन यंत्रांचे आकडे एका आलेखात मिसळू नयेत. त्याच ओसीटी छेदात सुमारे २९० मायक्रॉन खोलीवर एक फिकट आडवी रेषा दिसत होती. उपचार कुठवर पोहोचला याची ती खूण. पहिल्या एक-दोन महिन्यांत ती सर्वांत स्पष्ट असते, नंतर पुसट होत जाते, म्हणून स्कॅन याच काळात घ्यावा.

केमॅक्स पहिल्या महिन्यात ४८.१. रुग्णाला हे आधी सांगितलेले नसेल तर ती घाबरते, आणि नवखा डॉक्टरही. उंचवट्यावरचा झाकणारा एपिथेलियम काढलेला असतो आणि नवा थर अजून जागा भरत असतो. खालचा खरा आकार काही काळ उघडा दिसतो. तिसऱ्या महिन्यात ४७.६, सहाव्यात ४७.२. उपचार लागू पडला की नाही हे सहाव्या महिन्याआधी ठरवू नये. तुलनेसाठी नवी मूळ नोंदही उपचाराआधीच्या स्कॅनची न धरता बाराव्या महिन्याच्या स्कॅनची धरायची, कारण धूसरपणा तोवर बराच निवळलेला असतो.

उजव्या डोळ्याचा बी या सगळ्या काळात ६.२० च्या आसपास राहिला. त्याची तपासणी दर सहा महिन्यांनी, तीन-तीन स्कॅनसह, त्याच यंत्रावर आणि ८ मिमीच्याच गोलावर चालू आहे.